मधुमेही रोग्यांची स्वदस्तुरची टिपणे : एक उपेक्षित साधन

(१)

जुनी दप्तरे तपासण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांस हा अनुभव असेलच की, रुमाल सोडल्यावर प्रथम हाती येणारे कागद बहुधा आपण ज्यांच्या शोधात असतो ते नसतात. काही दिवसांपूर्वी कोल्हापुरात एका जुन्या घराण्याचे मोडी दप्तर पाहण्याचा योग आम्हांस आला. एखादी सनद, निदान वतनाच्या तंट्यातील एखादा निवाडा तरी मिळेल, अशा अपेक्षेने आम्ही बसलो होतो. रुमालांतील बराचसा भाग वाळवीने खाल्लेला निघाला. उरला तो नित्याच्या वसुलीचा हिशेब. परंतु ज्या फडताळातून हे रुमाल काढले, त्याच्याच खालच्या कप्प्यात साध्या रेघी कागदाच्या सात-आठ वह्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या व त्या रद्दीत घालण्यासाठी बाहेर काढल्या जात होत्या. आम्ही त्या पाहण्यास मागितल्या, तेव्हा घरातील बाई हसून म्हणाल्या, "अहो, त्या आमच्या आजींच्या साखरेच्या वह्या. त्यांत तुम्हांला काय मिळणार?"

त्या वह्यांत प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले होते : तारीख, रंग, सुई आणि शेरा. रंगाच्या रकान्यात "निळा", "हिरवा", "पिवळा", क्वचित् "विटकरी" असा एकेक शब्द. सुईच्या रकान्यात आकडा. शेऱ्याच्या रकान्यात कधी काहीच नाही, कधी "एकादशी, साबूदाणा", कधी "पाहुणे, बोलता आले नाही", तर एके ठिकाणी "पहाटे घाम सुटला, गूळ खाल्ला, बरे वाटले" एवढाच मजकूर. अक्षर वळणदार बाळबोध. काही शब्दांत मोडीची सवय उघड दिसते. एका व्यक्तीने आपल्याच शरीराची रोजकीर्द वर्षानुवर्षे लिहून ठेवावी व ती तिच्या पश्चात् रद्दीच्या भावाने जावी, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. प्रस्तुत लेख त्यातूनच झाला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मधुमेहाचा इतिहास आजवर वैद्यांच्या ग्रंथांवरून आणि डॉक्टरांच्या शोधांवरून लिहिला गेला. परंतु हा रोग असा आहे की, त्याची चिकित्सा वैद्य सांगतो आणि करतो मात्र रोगी. तीही एक दिवस नव्हे, तर आयुष्य संपेपर्यंत, आपल्या स्वयंपाकघरात व आपल्या हाताने. तेव्हा ह्या रोगाच्या इतिहासाचे अस्सल साधन म्हणजे रोग्याचा स्वदस्तुरचा कागद होय. तो कागद आजही घरोघर सापडण्यासारखा आहे, आणि आजच नष्टही होत आहे.

(२)

प्रथम शब्दांविषयी. जुन्या पत्रांत मधुमेहाचा शोध घेणाऱ्याने नावाला भुलू नये. शास्त्रग्रंथांत प्रमेह हे मूत्रविकारांच्या एका मोठ्या वर्गाचे नाव आहे व मधुमेह हा त्यातील एक प्रकार. परंतु व्यवहाराच्या मराठीत प्रमेह शब्दाचा अपभ्रंश होऊन झालेला "परमा" हा सामान्यतः संसर्गजन्य गुह्यरोगाचा वाचक झाला. म्हणून एखाद्या सरदाराच्या पत्रात "परम्याची व्यथा" आढळली, तर त्यास मधुमेही ठरविणे म्हणजे त्याच्यावर किंवा इतिहासावर अन्याय करणे होय. "मधुरा" हा शब्द तर ह्याहून फसवा. तो मुदतीच्या तापाचा, म्हणजे विषमज्वराचा वाचक आहे व त्याचा मधुमेहाशी काडीचा संबंध नाही. उलटपक्षी "बहुमूत्र", "गोड लघवी", "तहान राहत नाही", "अंग वाळत चालले" असे वर्णन एकत्र आले, तर नाव नसतानाही संशय घेण्यास जागा आहे. "काळपुळी" हा आणखी एक शब्द ध्यानात ठेवण्यासारखा. पाठीवर अथवा मानेवर उठणारी ही अनेकमुखी पुळी मधुमेह्यांत विशेष आढळते. आयुर्वेदाने प्रमेहपिडकांचे स्वतंत्र प्रकरणच केले आहे. तथापि काळपुळी निरोगी माणसासही होते. एका लक्षणावरून निदान करणे वैद्यास शोभत नाही. संशोधकास तर मुळीच नाही.

अप्रत्यक्ष पुरावा ह्याहून बरा ठरतो. ज्या घराच्या वाण्याच्या खतावणीत वर्षानुवर्षे गूळ, साखर व तांदूळ ठराविक मापाने येत होते, त्या घरात एकाएकी सातू अथवा नाचणी येऊ लागली आणि त्याच सुमारास वैद्याच्या नावे खर्च पडू लागला, तर तेथे काहीतरी घडले असले पाहिजे. हिशेबाचे कागद कंटाळवाणे म्हणून आपण बाजूस सारतो. पथ्याचा इतिहास मात्र त्यांतच दडलेला असतो.

(३)

ग्रंथांतील रोगी कसा आहे हे पाहू. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले : कफाचे दहा, पित्ताचे सहा आणि वाताचे चार, ह्या शेवटच्या चारांत मधुमेह असून तो असाध्य म्हटला आहे. बैठे सुख, अतिनिद्रा, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही कारणे त्याने दिली आहेत. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात ही खूणही प्राचीनांच्या नजरेतून सुटली नव्हती. युरोपात हा गोडवा साखरेचाच आहे हे मॅथ्यू डॉब्सन ह्याने इ. स. १७७६ मध्ये सिद्ध केले. आमच्याकडे मुंगीने ती परीक्षा फार पूर्वीच करून ठेविली होती.

सुश्रुताने दोन भेद केले आहेत : एक जन्मतः येणारा, दुसरा अपथ्याने होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायातील त्याचा उपदेश तर आमच्या विषयाच्या दृष्टीने फारच मोलाचा आहे. निर्धन व निराधार रोग्याने जोडा व छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकाहून अधिक रात्र न राहता शंभर योजने चालावे. धनवानाने सावे व देवभातासारखी तृणधान्ये आणि आवळा, कवठ अशी फळे खाऊन मृगांच्या संगतीत राहावे. काहींनी विहीर खणावी, असे त्याचे सांगणे आहे. औषधाची मात्रा येथे दुय्यम झाली असून रोग्याचे सारे जगणेच चिकित्सा झाले आहे. चरकाच्या पथ्यात यव, म्हणजे आपले सातू, मुख्य. हे लक्षात ठेवावे; पुढे त्याचे काम पडणार आहे.

हे ज्ञान पोथीतच अडकून राहिले नाही. वाग्भटाचे अष्टांगहृदय महाराष्ट्रातील वैद्यघराण्यांत पाठ असे. अण्णा मोरेश्वर कुंटे ह्यांनी त्याची मुद्रित आवृत्ती इ. स. १८८० मध्ये काढली. शंकर दाजी शास्त्री पदे ह्यांच्या "आर्यभिषक्" ग्रंथाने तर औषधांची माहिती सामान्य कुटुंबाच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. औषधांची हस्तलिखित बाडे ज्यांच्या संग्रही आहेत, त्यांनी जांभळाच्या बिया, कारले, मेथी, बेलाचे पान, गुळवेल, गुडमार ह्या नावांपुढील समासांत काही लिहिले आहे काय, हे अवश्य पाहावे. मूळ पाठ बहुधा ग्रंथातून उतरलेला असतो. समासातील "ह्याने गुण आला" किंवा "उपयोग नाही" एवढी दोन अक्षरे मात्र रोग्याची असतात. संग्राहक बाडाची किंमत त्याच्या प्राचीनतेवर करतात. आम्ही ती समासावर करू.

(४)

आता ज्यांचे कागद जतन झाले आहेत, अशा दोन थोर रोग्यांकडे वळू. दोघांचाही कोल्हापुराशी संबंध आहे. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच दोघेही दिवंगत झाले.

पहिले लोकमान्य टिळक. कोल्हापूरच्या दप्तरांत त्यांचे नाव दोनदा ठळकपणे येते : एकदा कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, ज्यात इ. स. १८८२ मध्ये टिळक व आगरकर ह्यांस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले; आणि पुन्हा ताईमहाराज प्रकरणात, जे इ. स. १९०१ च्या दत्तविधानापासून १९१५ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापर्यंत चालले. ह्या प्रकरणांचे कागद संशोधकांनी बारकाईने चाळले आहेत. परंतु त्याच टिळकांच्या शरीराचा जो दीर्घ खटला चालू होता, त्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. इ. स. १९०८ च्या जुलैत सहा वर्षांची शिक्षा होऊन ते सप्टेंबरात मंडालेस पोहोचले, तेव्हा त्यांचे वय बावन्न वर्षांचे असून मधुमेह जडलेला होता. तुरुंगात त्यांनी तांदूळ व गहू सोडून सातूच्या पिठावर निर्वाह चालविला. स्वयंपाकास एक ब्राह्मण कैदी देण्यात आला होता. भाचे धोंडोपंत विद्वांस ह्यांस लिहिलेल्या पत्रांत ग्रंथांच्या मागण्यांबरोबर प्रकृतीचा मजकूरही येतो.

येथे दोन गोष्टी विचारात घ्याव्या. पहिली ही की, चरकाने सांगितलेले यवाचे पथ्य विसाव्या शतकात ब्रह्मदेशातील एका कोठडीत पाळले जात होते, आणि पाळणारा पुरुष वैद्य नसून स्वतः रोगी होता. सरकारी डॉक्टर तपासीत असत, परंतु आज काय खावे व काय ताटातून परत पाठवावे, हा निर्णय बंदिवानाचा होता. त्याच्या हाती राहिलेल्या थोड्या स्वातंत्र्यांपैकी ते एक होते. दुसरी गोष्ट ही की, त्याच कोठडीत इ. स. १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेल्या गीतारहस्याच्या वह्या महाराष्ट्राने देवाप्रमाणे जपल्या. तो ग्रंथ ज्या देहाने लिहिला, त्या देहाचे पथ्य मात्र चरित्रांतील एखाद्या परिच्छेदात उरकण्यात आले. जून १९१४ मध्ये टिळक सुटून आले, पुढे सहा वर्षे अविश्रांत हिंडले व १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस सरदारगृहात निवर्तले. सहा वर्षांची कैद व त्यानंतरची सहा वर्षे धावपळ ज्या संयमावर निभावली, तो संयम चरित्राचा भाग नव्हे असे कोण म्हणेल?

दुसरे नामदार गोखले. त्यांचे बालपणीचे शिक्षण कागल व कोल्हापूर येथे झाले. राजाराम कॉलेजातही ते काही काळ होते. म्हणजे करवीरकरांस ते परके नव्हत. राजकारणात टिळकांचे प्रतिपक्षी असलेल्या ह्या पुरुषासही मधुमेहानेच ग्रासले होते. परंतु त्यांचा मार्ग निराळा पडला. इ. स. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा प्रवास, त्याच वर्षापासून सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचे काम, विलायतेच्या वाऱ्या, कायदे कौन्सिलातील भाषणे, अशा जीवनक्रमात नियमित पथ्यास जागा ती कोठे राहणार? प्रकृतीसाठी ते इ. स. १९१४ मध्ये फ्रान्सला गेले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते तेथेच अडकून पडले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

ह्यावरून टिळकांनी पथ्य केले म्हणून ते अधिक जगले व गोखल्यांनी केले नाही म्हणून ते लवकर गेले, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. गोखल्यांस हृदयविकाराचीही पीडा होती, आणि दोन आयुष्यांची अशी तुलना करणे शास्त्रास धरून नाही. परंतु एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. तुरुंगाने टिळकांस जो निश्चित दिनक्रम दिला, तो स्वतंत्र असलेल्या गोखल्यांस मिळाला नाही. ज्या रोगाचे औषध दिनक्रमातच आहे, त्यात लोकसेवेची किंमत शरीर कशी चुकविते, हे ह्या दोन चरित्रांत पाहावयास मिळते. गोखल्यांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतील राजकारण पुष्कळांनी वाचले. आता कोणी त्यांत जेवणाच्या वेळा वाचाव्या.

(५)

टिळकांच्या निधनास दीड वर्षही झाले नव्हते, तोच ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेनर्ड टॉमसन नामक चौदा वर्षांच्या मुलास स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध असल्याने साधला नाही; २३ जानेवारीस शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हा मुलाची साखर उतरली. बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लाउड ह्यांच्या ह्या कामाबद्दल बँटिंग व मॅक्लाउड ह्यांस इ. स. १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुश्रुताचा जो कृश रोगी आजवर महिन्यांच्या हिशेबाने मरत असे, तो आता जगू लागला. परंतु ह्या जगण्याची अट अशी होती की, त्याने दररोज स्वतःस टोचून घ्यावे. लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स हे स्वतःच मधुमेही होते, इ. स. १९२३ मध्ये इन्सुलिनने ते वाचले, १९२५ मध्ये त्यांनी रोग्यांसाठी पुस्तक लिहिले व १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स ह्यांच्यासह मधुमेह्यांची संस्था काढली. अमेरिकेत बॉस्टनचे जॉस्लिन रोग्यासच शिकवून तयार करीत. चिकित्सेची दोरी रोग्याच्या हाती द्यावयाची, हे तत्त्व येथून रूढ झाले.

आपल्या घराघरांत हे तत्त्व कोणत्या रूपाने शिरले, हे आरंभी वर्णन केलेल्या वह्या सांगतात. त्या वाचण्यास थोडी किल्ली लागते. ती येथे देतो. रंगाचा रकाना हा बेनेडिक्टच्या परीक्षेचा. परीक्षानळीत पाच घनसेंटिमीटर निळे द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकावयाचे व स्पिरिटच्या दिव्यावर उकळावयाचे. निळे राहिले तर साखर नाही. मग क्रमाने हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटी विटकरी. काही वह्यांत रंगाऐवजी अधिक चिन्हे असतात, एकापासून चारपर्यंत. हे ध्यानात असावे की, लघवीचा रंग त्या क्षणाची नव्हे, तर मागील काही तासांची गोष्ट सांगतो. तेव्हा सकाळच्या "विटकरी" शब्दाचे कारण आदल्या रात्रीच्या जेवणात शोधावे लागते.

सुईच्या रकान्यातील आकड्यांविषयी विशेष सावधगिरी हवी. आरंभी इन्सुलिन घनसेंटिमीटरमागे वीस युनिटांचे येई, पुढे चाळीसचे व ऐंशीचे आले. ब्रिटिश धाटणीच्या पिचकारीवर घनसेंटिमीटरमागे वीस रेषा असत. म्हणजे चाळीसच्या औषधात एक रेघ दोन युनिटांची. म्हणून वहीत "दहा" लिहिले असेल, तर ते दहा युनिट की दहा रेघा, हे बाटलीची चिठ्ठी अथवा डॉक्टरचा कागद सोबत असल्यावाचून ठरविता येत नाही. मोडी हिशेबात बिघ्याचे व पायलीचे माप गावोगाव वेगळे, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही अडचण नवी नाही. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन आजही मुख्यतः चाळीसचे मिळते, तर लेखणीसारख्या नव्या साधनात शंभरचे असते. त्यामुळे हा घोटाळा इतिहासजमा झालेला नाही, हेही सांगून ठेवतो.

ह्या रकान्यांमागील श्रम वहीत दिसत नाहीत. काचेची पिचकारी व सुई रोज उकळून घ्यावी लागे. सुई बोथट झाली की दगडावर घासून तिला धार आणीत. घरी बर्फाचे कपाट नसे, तेव्हा बाटली ओल्या मडक्यात ठेवीत. आणखी एक पेच होता. जुने इन्सुलिन बैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडापासून निघे. जंतूंकडून मानवी इन्सुलिन करवून ते विक्रीस येण्यास इ. स. १९८२ उजाडले. जैन, ब्राह्मण, मुसलमान अशा ज्या घरांत ही बाटली गेली, तेथे प्राण आणि आचार ह्यांचा निवाडा कोणा धर्मपीठाने केला नाही. तो माजघरात झाला. त्याची साक्ष मिळेल तर घरच्या पत्रांतच मिळेल.

(६)

ह्या वह्या विश्वसनीय मानाव्या काय? हा प्रश्न आमच्या वाचकांस सुचेलच, कारण बनावट सनदांशी आपला जन्माचा परिचय आहे. तीच कसोटी येथे लावावी. आम्ही पाहिलेल्या एका वहीत सबंध महिन्याच्या नोंदी एकाच शाईने, एकाच निबाने व एकाच बैठकीच्या अक्षरात आहेत आणि सर्व रंग "निळा" आहेत. पुढच्या पानावर डॉक्टरांकडे जाण्याची तारीख आहे. अर्थ उघड आहे : पान आदल्या रात्री भरले गेले. नंतरच्या महिन्यात मात्र शाई बदलते, अक्षर हलते, रंगही बदलतात. ते पान खरे.

ही खोड कोल्हापूरचीच नव्हे. अमेरिकेत इ. स. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोग्यांस न सांगता स्मरण राखणारी रक्तशर्करायंत्रे देण्यात आली, तेव्हा वहीतील आकडे व यंत्रातील आकडे पुष्कळ ठिकाणी जुळले नाहीत. काही आकडे तर परीक्षा न करताच लिहिलेले निघाले. वैद्यांनी ह्यास रोग्याची लबाडी म्हटले तरी इतिहासकाराने तसे म्हणू नये. बनावट सनदेवरून सनद खोटी ठरते, परंतु ती कोणास व का हवी होती हे खरे कळते. त्याचप्रमाणे खोटा "निळा" साखरेविषयी काही सांगत नाही. डॉक्टरपुढे बसलेल्या बाईस कशाची धास्ती वाटत होती, हे तो स्पष्ट सांगतो. रागावून घेण्याच्या भीतीने रोगी खोटे लिहितो, आणि खोट्या आकड्यावर डॉक्टर मात्रा ठरवितो, हा धोका आजही आहे.

(७)

हे सर्व कोल्हापुरात घडले, ह्यास विशेष अर्थ आहे. शाहू महाराजांच्या कारकीर्दीत इ. स. १८९५ मध्ये वसलेली शाहूपुरी ही गुळाची पेठ म्हणून नावारूपास आली. कोल्हापुरी गुळास इ. स. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हंगामात पंचगंगेच्या खोऱ्यात गुऱ्हाळे पेटली की, काहिलीभोवती जमलेल्यास रस, काकवी व ऊन गूळ दिल्यावाचून सोडणे शिष्टाचारास धरून नसते. अशा मुलखात मधुमेह्याने हात आखडावा, म्हणजे केवळ जिभेस आवर घालणे नव्हे. यजमानाचा मान मोडणे होय. वहीतील "पाहुणे, बोलता आले नाही" ह्या चार शब्दांत हा सारा संकोच साठला आहे. शिवाय साखर वाईट परंतु गूळ चालतो, अशी समजूत ह्या भागात फार पसरलेली आहे. गुळाचाही मुख्य भाग तीच उसाची साखर आहे, हे येथे निक्षून सांगावे लागते. चरकाने गुळाचे पदार्थ कारणांत गणले ते उगीच नव्हे.

आणि तरीही त्याच वहीत पहाटे घाम सुटून हात कापू लागले असता गुळाच्या खड्याने बाईस सावरले आहे. इन्सुलिनची मात्रा अन्नाहून भारी झाली, म्हणजे रक्तातील साखर उतरून माणूस बेशुद्ध होतो, प्रसंगी दगावतो. त्या वेळी तोंडात घातलेला गोड घास हेच औषध. ज्या जिनसेस वर्षभर दूर ठेवावयाचे, तीच रात्री उशाशी ठेवावयाची, हा विवेक कोणत्याही ग्रंथाने शिकविण्यापूर्वी घामाने शिकविला. अशा नोंदीची बरोबरी कोणताही निदानग्रंथ करू शकत नाही.

(८)

आता विनंती. इ. स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. त्यांपैकी जे साखर तपासतात, त्यांतील अनेकांची नोंद आज यंत्रात किंवा दूरध्वनीत राहते. यंत्र बिघडले की नोंद गेली. कागदी वहीचा काळ, म्हणजे बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणापासून बोटाच्या रक्तथेंबापर्यंतचा काळ, आता बहुतेक संपला आहे. त्या काळातील रोगी व त्यांच्या वह्या दोन्ही आपल्यातून जात आहेत. कोल्हापुरात "थोरला दवाखाना" ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयाच्या पायऱ्या ज्यांनी हातात वही घेऊन चढल्या, त्यांच्या घरच्या फडताळांत अजून काही शिल्लक असण्याचा संभव आहे.

तेव्हा संग्राहकांनी चार गोष्टी कराव्या. जुने दप्तर पाहावयास जाल, तेव्हा घरच्या आजारपणाचे कागदही विचारावे. वही मिळाल्यास तिच्याबरोबरची डॉक्टरची चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरील कागद, वाण्याचे पुस्तक ही तिच्यापासून वेगळी करू नयेत. एकमेकांवाचून ती मुकी होतात. वहीचा क्रम, शाई व कोरी पाने जशीच्या तशी राखावी, कारण न लिहिलेले दिवसही साधनच आहेत. आणि शेवटचे, जे सनदांच्या बाबतीत आपणांस कधी पाळावे लागले नाही : घरच्यांची संमती घेतल्यावाचून नाव प्रसिद्ध करू नये. तीनशे वर्षांपूर्वीच्या देशमुखाचा तंटा आपण उघड छापतो. कालच्या आजीचे दुखणे तिच्या नातवंडांचे आहे.

असो. त्या कोल्हापूरच्या घरातील वह्या रद्दीत गेल्या नाहीत. बाईंनी त्या पुन्हा चाळल्या. "पहाटे घाम सुटला" ही नोंद त्यांनी पूर्वी कधी वाचलेली नव्हती. त्या रात्री त्या स्वतः त्याच घरात, शेजारच्याच खोलीत निजल्या होत्या, असे त्यांनी तारीख पाहून आम्हांस सांगितले. वह्या आता मोडी रुमालांच्याच पेटीत, तशाच लाल कापडात बांधून ठेवल्या आहेत.